चला भटकायला! : टिपेश्वरला जायचं, पण कधी?



सुट्टी जवळ आली की घाटंजी, पारवा, पांढरकवडा या भागातल्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. टिपेश्वरला जायचं, पण कधी? बाबा म्हणतात, मे महिन्यात, कारण तेव्हा वाघ दिसतो. आई म्हणते, मे महिन्याच्या उन्हात लेकरांना उघड्या गाडीत भाजून काढायचं आहे का? आजी म्हणते, टिपाईच्या दर्शनाला काळवेळ कसला पाहायचा! आणि तुम्ही? तुम्हाला विचारतंय कोण! म्हणूनच या आठवड्याची भटकंती आपण तुमच्या बाजूनं करू. सगळं वाचून झालं की घरातल्या चर्चेत तुम्हालाही दोन शब्द टाकता येतील.

आधी नकाशा काढा. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेच्या कडेनं पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे तेलंगणचा आदिलाबाद जिल्हा लागतो. घाटंजी आहे वाघाडी नदीच्या काठावर. (नदीच्या नावातच वाघ आहे, पाहिलंत?) ही वाघाडी पुढे पैनगंगेलाच जाऊन मिळते. घाटंजी आणि पांढरकवडा यांच्या दक्षिणेला जो डोंगराळ, सागाच्या झाडीचा पट्टा आहे, तिथं टिपेश्वरचं अभयारण्य आहे. क्षेत्रफळ १४८.६३ चौरस किलोमीटर. अभयारण्य म्हणून ते जाहीर झालं १९९७ साली. टिपाई देवीचं मंदिर या जंगलातच आहे, तिच्यावरूनच हे नाव पडलं. टिपेश्वर नावाचं गावसुद्धा जंगलाच्या पोटात होतं. तिथल्या कुटुंबांना पुढे अभयारण्याबाहेर वसवण्यात आलं. जंगलातलं गाव उठलं की त्याच्या जुन्या वावरांत गवत माजतं, गवतावर चितळं येतात आणि चितळांच्या मागं कोण येतं, ते तुम्हाला सांगायला नकोच.

डोंगर म्हटलं म्हणून हिमालय डोळ्यांपुढे आणू नका हं! आपले यवतमाळचे डोंगर म्हणजे अजिंठ्याच्या रांगेचा पूर्वेकडे पसरत आलेला भाग. सपाट माथ्यांचे आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारे. या पायऱ्या कुणी कोरल्या नाहीत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर आला, थरावर थर बसत गेले आणि त्या थरांच्या या कडा झाल्या. आपल्या जिल्ह्यातल्याच शिबला-पार्डी परिसरात रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून दगडाचे बहुकोनी खांब उघडे पडले होते. एकाला एक चिकटून उभे, जणू कुणी मुद्दाम घडवून रचून ठेवलेत! लाव्हा हळूहळू थंड होताना आक्रसतो, त्याला तडे जातात आणि असे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच प्रकारची आहे. तेव्हा जंगलात गेल्यावर नुसता वाघ वाघ करू नका, चाकाखालच्या काळ्या दगडाकडेही एकदा पाहा. तो वाघापेक्षा खूपच म्हातारा आहे.

आता मूळ प्रश्न. कधी जायचं?

पावसाळ्याचे तीन महिने, जुलै ते सप्टेंबर, आतली सफर बंद असते. ऑक्टोबरमध्ये फाटक उघडतं, तेव्हा जंगल नुकतंच न्हाऊन बसलेल्या पोरासारखं दिसतं. गवत पुरुषभर वाढलेलं, नाल्यांना पाणी, दोन झाडांच्या मध्ये कोळ्यांची मोठमोठी जाळी. वाघ दहा पावलांवर बसलेला असला तरी दिसायचा नाही! पण ज्याला जंगल पाहायचंय, वाघाचा फोटो नकोय, त्याच्यासाठी हा काळ मला फार चांगला वाटतो. गर्दीही त्यामानानं कमी असते.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या सफरीला निघालात तर कानटोपी, मफलर, वर एक घोंगडी, काहीही जास्त होणार नाही. उघड्या जिप्सीत वारा असा काही झोंबतो की बोलायला तोंड उघडवत नाही. वनखात्याच्या दृष्टीनं हे उत्तमच, कारण मुलं आपोआप गप्प बसतात. सूर्य वर आला की चितळांचे कळप उन्हाला येतात. सांबर मात्र झाडीतच राहतं. नीलगाय, म्हणजे आपल्याकडची रोही, हमखास भेटते. नशीब जोरावर असेल तर चौसिंगा दिसतो. चार शिंगांचा हा लहानसा प्राणी भारत आणि नेपाळ सोडला तर जगात कुठंही रानात सापडत नाही. वाघ पाहिलेली माणसं तुम्हाला पुष्कळ भेटतील, चौसिंगा पाहिलेली फार थोडी. शाळेत भाव खायचा तर चौसिंग्याचा खावा!

फेब्रुवारी उलटला की सागाची पानं गळतात. सागाचं वाळलेलं पान म्हणजे पापडच. त्यावर उंदीर धावला तरी अस्वल आल्यासारखा आवाज होतो. पळस पेटतो, मोहाची फुलं पहाटे टपटप गळायला लागतात आणि ती खायला अस्वलं येतात. जंगलालगतच्या गावांतली माणसंही मोहफुलं वेचायला त्याच वेळी निघतात. दोघांची गाठ पडली की काय होतं, हे तुमच्यापैकी काहींनी घरी ऐकलं असेल. पुढे उन्हाळ्यात टेंभरं पिकतात, चारं पिकतात. आणि एप्रिल-मेमध्ये नाले आटले, की उरलेल्या पाणवठ्यांवर सगळ्यांनाच यावं लागतं. वाघाला तर पाण्यात बसून राहायला आवडतं. मागचे पाय आधी पाण्यात घालून तो उलटा उलटा पाण्यात शिरतो. तोंडावर पाणी उडालेलं मांजराच्या जातीला खपत नाही ना! बाबांचं म्हणणं बरोबर आहे ते इतपत. पण आईचंही बरोबर आहे. मे महिन्यात जायचंच तर पहाटेची फेरी घ्या, प्रत्येकाला स्वतःची पाण्याची बाटली द्या, सुती रुमाल द्या, आणि सहा वर्षांखालच्या भावंडाला सरळ आजीजवळ ठेवा.

जूनच्या सुरुवातीला पहिल्या सरी आल्या की अंधारात काजवे दिसू लागतात. ते पाहायला अभयारण्यात जायची काही गरज नाही. गावाबाहेर, दिव्यांच्या उजेडापासून दूर एखादी मोठी झाडी असली तरी पुरे. मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि बॅटरी बंद ठेवा, बस्स.

इथं तुमच्यापैकी एखादा हुशार वाचक हात वर करणार, मला ठाऊक आहे. "जंगल आमच्या गावाशेजारी, डोंगर आमचे, मग आम्ही पायी का हिंडायचं नाही? परदेशात तर मुलं डोंगरात तंबू ठोकून राहतात!"

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर द्यायला थोडं लांब जावं लागेल, थेट अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यात अ‍ॅडिरॉन्डॅक नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. १८९२ साली त्या राज्यानं तिथं एक उद्यान जाहीर केलं. उद्यान म्हणजे आपल्या नगरपरिषदेची घसरगुंडी आणि झोपाळा असलेली बाग नव्हे! आकार सुमारे चोवीस हजार चौरस किलोमीटर. आपला अख्खा यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजारांचा, म्हणजे पावणेदोन यवतमाळ मावतील एवढं ते मोठं आहे. त्याला फाटक नाही, तिकीट नाही. आत गावं आहेत, शाळा आहेत, माणसांच्या मालकीच्या जमिनी आहेत. निम्म्याच्या आसपास जमीन सरकारी आहे आणि ती कायम रानच राहील, असं त्या राज्यानं १८९४ साली आपल्या घटनेतच लिहून टाकलं. तिथं बाराही महिने लोक जातात. उन्हाळ्यात होड्या घेऊन तळ्यांत, शरदात लाल-पिवळी झालेली पानं पाहायला, हिवाळ्यात बर्फावर घसरायला. तिथल्या लेक प्लॅसिड गावात १९३२ आणि १९८० अशी दोनदा हिवाळी ऑलिम्पिक झाली आहे.

हेवा वाटला? मलाही वाटतो. पण दोन गोष्टी नीट ऐका. पहिली गोष्ट, तिथंही 'बारमाही' म्हणजे 'वाटेल तेव्हा, वाटेल तिथं' असं नाही. वसंतात बर्फ वितळून चिखल झाला की उंचावरच्या पायवाटांवर येऊ नका, असं तिथलं खातं लोकांना सांगतं, कारण चिखलात बुटांनी वाट उखडली की माती वाहून जाते आणि उंचावरची नाजूक झाडोरी तुडवली जाते. आपलं पावसाळ्यातलं फाटक बंद असण्यामागं असंच कारण आहे. काळ्या मातीच्या रस्त्यावर जिप्सी रुतली म्हणजे काय होतं, ते शेतात बैलगाडी नेणाऱ्याला विचारा. शिवाय जंगलालाही वर्षातून तीन महिने माणसाचं तोंड न पाहता राहू द्यायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या डोंगरात मुलं रात्री तंबूत झोपू शकतात, त्याचं एक कारण सहसा कुणी सांगत नाही. तिथं लांडगे होते, डोंगरी सिंह होते. माणसांनी ते एकोणिसाव्या शतकात मारून संपवले. काळी अस्वलं तेवढी उरली. त्यांच्यासाठीही नियम आहेत. सर्वांत उंच शिखरांच्या भागात रात्र काढायची तर खाण्याचं सामान अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात ठेवावं लागतं. आपण आपला वाघ संपवला नाही. अगदी संपवत आणला होता, पण थांबलो. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प आला. वाघ ठेवायचा ठरवलं, म्हणून त्याच्या घरात पायी हिंडायची सोय आपल्याला सोडावी लागली. अभयारण्यात परवानगी घेऊनच शिरायचं, ठरलेल्या रस्त्यानं, गाईड बरोबर घेऊन, गाडीतून खाली न उतरता. सौदा महाग वाटतो का? पुढची गोष्ट वाचा, मग ठरवा.

ही गोष्ट टिपेश्वरच्याच एका वाघाची आहे. एका वाघिणीचे तीन बच्चे मोठे झाले. नर वाघ दोन-अडीच वर्षांचा झाला की त्याला आईचं घर सोडावंच लागतं. त्याला स्वतःचा मुलूख लागतो, जोडीदारीण लागते. टिपेश्वर तसं लहान आणि तिथल्या जागा आधीच धरलेल्या. या तिघांपैकी एकाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी आणि वनखात्यानं रेडिओ कॉलर बसवली. ही कॉलर उपग्रहामार्फत दर तासाला कळवायची, की महाराज आता कुठं आहेत. जून २०१९ मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, महाराज निघाले.

निघाले ते चालतच राहिले! पैनगंगा ओलांडून तेलंगणात गेले, परत आले, पैनगंगेच्या अभयारण्यातून पश्चिमेला वळले. हिंगोली, वाशिम, अकोला असं करत डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचले. तोवर तेराशे किलोमीटरच्या वर चाल झाली होती. सरळ रेषेत नव्हे. कधी पुढे, कधी मागे, कधी त्याच नाल्यात चार दिवस मुक्काम. सगळं मिळून नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरच्या पुढे चाल भरली. पाच हजारांवर ठिकाणी त्याची नोंद झाली. भारतातल्या कुठल्याही वाघाची एवढी लांब चाल तोवर कुणी नोंदवलेली नव्हती. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'वॉकर'. एप्रिल २०२० मध्ये, कॉलरची बॅटरी संपत आली तेव्हा, ती त्याच्या गळ्यातून काढून घेण्यात आली.

आता विचार करा. या रस्त्यात जंगल किती होतं? तुकड्या-तुकड्यानं थोडंसं. बाकी सगळी शेतं, गावं, डांबरी रस्ते. दिवसा तो नाल्यातल्या झाडीत, पिकात नाहीतर काटेरी झुडपांत पडून राहायचा आणि रात्री चालायचा. रानडुक्कर मारायचा, कधी ढोरं मारायचा. तुमच्या-आमच्यासारखी हजारो माणसं त्याच्या वाटेवर झोपली होती आणि त्यांना पत्ताही नव्हता! एवढ्या सगळ्या प्रवासात त्यानं माणसाला इजा केल्याची घटना एकच घडली. तो ज्या झुडपात पडला होता, त्यात काही माणसं शिरली, तेव्हा त्यांतला एक जण जखमी झाला. पाहुणा झोपलाय त्या खोलीत दार ढकलून शिरलं तर पाहुणाही दचकणारच की.

वॉकरची हकिकत ऐकून वाटावं, की तो एखादा विक्षिप्त वाघ असेल. तसंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. सगळे चकित! हे अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं, आणि त्या भागात वाघ कुणी आठवणीतसुद्धा पाहिलेला नाही. मग त्याच्या अंगावरचे पट्टे जुन्या फोटोंशी ताडून पाहिले. तुमच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्या कुणाचा नसतो, तसे एका वाघाचे पट्टे दुसऱ्याला नसतात. उजवी कूस आणि डावी कूससुद्धा सारखी नसते. ताडून पाहिल्यावर कळलं, की पाहुणे आपलेच, टिपेश्वरचे. चारशेहून अधिक किलोमीटर चालून गेलेले.

म्हणजे टिपेश्वरचं फाटक माणसांसाठी आहे, वाघासाठी नाही. अभयारण्याची हद्द नकाशावर, वाघाच्या डोक्यात ती नसते. आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

तुमच्यापैकी कितीतरी जणांचे बाबा, काका रात्री वावरात जागलीला जात असतील. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन हाताशी आलं की रानडुकरं आणि रोही येतात आणि एका रात्रीत वर्षाची कमाई तुडवून जातात. जागल करणारा माणूस एकटा असतो, अंधार असतो. जंगलालगतच्या कोलाम पोडांवरच्या माणसांना तर सरपणासाठी, तेंदूपत्त्यासाठी, मोहफुलांसाठी रानात जाणं भागच असतं. आपण सफरीला जातो ती मौज म्हणून. त्यांचं जाणं पोटासाठी. राळेगाव आणि पांढरकवड्याच्या पट्ट्यात २०१६ ते २०१८ या काळात काय झालं, ते मोठ्यांना विचारा. टी-१ या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालून ठार केलं गेलं. ते योग्य होतं की नव्हतं, यावर देशभर वाद झाला. दूर शहरात बसून वाद घालणं सोपं असतं. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराशी आणि जंगलाशी, दोघांशी ज्यांना रोज राहायचंय, त्यांचं ऐकल्याशिवाय मत बनवू नये, असं मला वाटतं.

डुकरांपासून पीक वाचवायला काही जण कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात. ही गोष्ट मात्र मी स्पष्ट सांगणार. त्या तारेला डुक्कर, वाघ आणि शेजारचा शेतकरी यांतला फरक कळत नाही. विदर्भात अशा तारेला चिकटून वाघ मेले आहेत आणि माणसंही मेली आहेत. रानात तारेचे फासही लावलेले असतात. तसला फास गळ्यात रुतलेले वाघ टिपेश्वरमध्ये आढळले आहेत. याला पर्याय नाही का? आहे. सौर कुंपण. त्यात विजेचा झटका क्षणभराचा असतो. जनावराला दणका बसतो, ते पळून जातं, पण मरत नाही. त्यासाठी सरकारी अनुदानाची योजनाही आहे. तुमच्या बाबांना ठाऊक नसेल तर वनखात्याच्या कचेरीत किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करायला सांगा. जनावरांनी पिकाचं नुकसान केलं किंवा वाघानं ढोर मारलं, तर भरपाईही मिळते. पण नुकसान झाल्यावर लगेच कळवावं लागतं. आठ दिवसांनी गेलं तर पंचनामा कशाचा करणार?

आणि रस्ते! श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग आपल्या पांढरकवड्यावरूनच जातो. पूर्वी त्याचा नंबर ७ होता, आता ४४. याच महामार्गावर नागपूरच्या उत्तरेला, पेंचच्या जंगलात, रस्ता रुंद करताना एक छान काम झालं. महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता खांबांवर उचलून घेतला आणि खालून जनावरांना वाट ठेवली. जनावरं वापरतील का, अशी शंका होती. २०१९ मध्ये तिथं कॅमेरे लावून पाहिलं, तर अठरा जातींचे प्राणी खालून ये-जा करताना सापडले, त्यांत अकरा वेगवेगळे वाघ होते! वरून ट्रक, खालून वाघ. दोघांचंही चाललंय. बाबांबरोबर नागपूर-जबलपूर रस्त्यानं गेलात तर खिडकीतून पाहा, पुलाच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती दिसतील. गाड्यांचा आवाज आणि उजेड खाली जाऊ नये म्हणून त्या आहेत.

बरं, आता जायची तयारी.

टिपेश्वरला शिरण्यासाठी पांढरकवड्याजवळचं सुन्ना फाटक आणि महामार्गाच्या बाजूचं माथनी फाटक लोकांच्या ओळखीचं आहे. घाटंजीहून निघालात तर आधी पांढरकवडा गाठायचा, केळापूरच्या जगदंबेचं मंदिर त्या वाटेवरच आहे. सफर सकाळी आणि दुपारी, अशी दोन वेळा असते. जागा आधी नोंदवून ठेवा, सुट्ट्यांच्या दिवसांत ऐनवेळी जागा मिळत नाही. निघण्यापूर्वी त्या दिवशी फाटक उघडं आहे ना, याचीही चौकशी करा. पालकांना एक विनंती. मुलांना "आज वाघ दाखवतो" असं कबूल करून नेऊ नका. वाघ दिसला नाही की मुलं रडकुंडीला येतात, गाईडवर दबाव येतो, गाईड ड्रायव्हरला म्हणतो "चल जोरात", आणि मग सगळ्या गाड्या एकाच पाणवठ्यावर जाऊन गर्दी करतात. एकदा आमच्या गाडीत एक गृहस्थ तीन तास मोबाईलवर वाघाचे जुने फोटो पाहत बसले होते आणि बाजूच्या झाडावरचं घुबड त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही. घुबडानं मात्र त्यांना चांगलं निरखून पाहिलं!

कपडे खाकी, मातकट किंवा हिरवे घाला. लाल-पिवळा शर्ट घरी ठेवा. अत्तर नको, कुरकुरीत खाऊची पाकिटं नकोत. चिवडा खायचा तर फाटकाबाहेर, आणि कागदही तिथंच न टाकता घरी आणायचा. गाडीत बसलात की डोळ्यांपेक्षा कानांनी काम करा. वानर झाडाच्या शेंड्यावरून एकाच दिशेला पाहत खोकल्यासारखं ओरडायला लागलं, चितळानं शेपूट वर करून तीक्ष्ण हाक दिली, सांबरानं 'पोंक' केलं, तर समजावं की कुणीतरी निघालंय. त्यातही वानर आणि चितळ उगाच घाबरतात, सांबर सहसा खोटं बोलत नाही. रस्त्यावरच्या धुळीत पाहा. पंजाच्या ठशात नखं उमटली असतील तर तो कुत्र्याचा, लांडग्याचा नाहीतर तडसाचा. वाघ-बिबट चालताना नखं आत ओढून घेतात, त्यांची नखं उमटत नाहीत. घरच्या मांजराच्या पायाला शाई लावून कागदावर हे आधीच करून पाहता येईल. (मांजर राजी असेल तर. आईला विचारूनच!)

आणि जुलै ते सप्टेंबर काय करायचं? घरात बसायचं? मुळीच नाही. ज्यांना लांब जायचंय, त्यांनी मोठ्या माणसांबरोबर पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पाहून यावा. यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर तो आहे. पुराच्या दिवसांत तो गढूळ, तांबडा होऊन गर्जत असतो. लांबूनच पाहायचा, खडकावर उतरायचं नाही, सेल्फी तर नाहीच नाही. हिवाळ्यात आपल्या भागातल्या धरणांवर आणि गावतळ्यांवर पाहुणी बदकं येतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक अशी त्यांची नावं. ती पाहायला तिकीट लागत नाही, एक दुर्बीण आणि गप्प बसणारे दोन मित्र लागतात. दुर्बीण शाळेच्या प्रयोगशाळेत असली तर गुरुजींकडे मागा.

ज्यांना कुठंच जाता येणार नाही, त्यांच्यासाठी एक काम सांगतो. घराच्या किंवा शाळेच्या जवळचं एक झाड निवडा. पळस, मोह, साग, काहीही चालेल. एक जुनी वही घ्या. दर रविवारी त्या झाडाखाली जाऊन तारीख घाला आणि चार ओळी लिहा. पानं किती, फूल आलं का, मुंग्या कुठून कुठं चालल्या, कोणता पक्षी बसला. सागाला फुलं भर पावसात येतात, पळसाला उन्हाच्या तोंडावर. तुमच्या झाडाचं कधी, ते तुम्हीच शोधा. वर्षभर हे केलंत तर बावन्न पानं होतील. ज्यांची निदान आठ पानं भरली असतील, त्यांनी त्यातलं एक पान उतरवून आमच्याकडे पाठवा. झाडाचं नाव, गावाचं नाव आणि तुमची इयत्ता लिहायला विसरू नका. चित्र काढलंत तर फारच छान.

पुढच्या आठवड्यात पैनगंगेच्या पलीकडे जाऊ, नांदेड जिल्ह्यातल्या उनकेश्वरला. तिथं जमिनीतून गरम पाणी येतं. ते का गरम असतं आणि त्याला वास कशाचा येतो, हे तोवर विज्ञानाच्या सरांना विचारून ठेवा.